पात्रता तपासायची ती कोणाची?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये आता पैसा उघडपणे खेळतो. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंच्या मोबदल्यावरच्या ‘हाउस’ खटल्यातली तडजोड मंजूर केली आणि त्या वर्षापासून ती स्वीकारणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना थेट पैसे वाटायची मुभा मिळाली. पहिल्या वर्षाची मर्यादाच सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरची. त्याआधी, जानेवारी २०२३ मध्ये, एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संघटनेने नव्या खेळाडूंच्या पात्रतेतून एसएटी आणि एसीटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षांची अट कायमची काढून टाकली होती. या दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या आणि एक जुना वाद नव्याने पेटला: फुटबॉल खेळण्यासाठी कॉलेजात येणाऱ्या मुलाला अभ्यासाची अट असावी का? एक बाजू म्हणते, दर्जा बुडाला, आता कोणीही येईल. दुसरी म्हणते, ही मुलं व्यावसायिक खेळाडूच आहेत, त्यांना बीजगणिताचे गुण कशाला विचारता? दोन्ही बाजूंचं बोट त्या सतरा वर्षांच्या मुलाकडे. तो लायक आहे की नाही, यावरच सगळं भांडण. त्याला घेणारं विद्यापीठ त्याला शिकवायला लायक आहे का, हे विचारायचं कोणाच्या मनातही येत नाही.

अभ्यासाची अट राहिलीच पाहिजे, पैसा आला तरीही, असं माझं ठाम मत आहे. पण तिचा भार आज ज्याच्या खांद्यावर आहे त्याच्यावरून तो उतरवायला हवा. अटीत न बसणाऱ्या मुलाला परत पाठवू नये. त्याला प्रवेश द्यावा, पूर्ण स्कॉलरशिप द्यावी, पहिलं वर्ष सामन्यांपासून लांब ठेवावं. आणि तो पदवीपर्यंत पोचला नाही तर त्याची भरपाई विद्यापीठाच्या संघाकडून वसूल करावी.

आधी नियम काय आहे तो पाहू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तो वाचलेला दिसत नाही. पहिल्या श्रेणीच्या म्हणजे डिव्हिजन वनच्या कॉलेजात खेळायचं तर हायस्कूलमध्ये सोळा ‘कोअर कोर्स’ म्हणजे मूळ विषय लागतात. इंग्रजी चार वर्षं. गणित तीन वर्षं, तेही अल्जेब्रा वन किंवा त्याच्या वरचं. विज्ञान दोन, सामाजिक शास्त्रं दोन, इंग्रजी-गणित-विज्ञानातलं आणखी एक, आणि याच विषयांतले किंवा परकीय भाषा, तत्त्वज्ञान असे आणखी चार. या सोळा विषयांत मिळून २.३ जीपीए (चारपैकी सरासरी गुणांक) हवा, म्हणजे साधारण सी प्लस. आकडा ऐकून कोणी म्हणेल, एवढंही जमत नाही का? पण खरी मेख पुढे आहे. सोळापैकी दहा विषय बारावीचं वर्ष सुरू व्हायच्या आधी पुरे झालेले असावे लागतात, त्यातले सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे. त्या दहांचे गुण तिथे गोठतात. पुन्हा त्या विषयाला बसून ते सुधारता येत नाहीत. शिवाय प्रत्येक हायस्कूलच्या मान्य विषयांची यादी एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरकडे असते. विषय त्या यादीत नसला तर त्यात ‘ए’ मिळूनही उपयोग शून्य.

आता मिसिसिपीतल्या एखाद्या छोट्या गावातला नववीतला मुलगा डोळ्यांसमोर आणा. शाळेच्या एकुलत्या एका समुपदेशकाच्या अंगावर शेकडो मुलं. तो याला व्यवहारी गणिताच्या वर्गात टाकतो, कारण त्या वर्गात जागा आहे आणि मुलगा नापास होणार नाही. मुलगा उत्तीर्ण होतो, घरचे खूश. दोन वर्षांनी त्याची उंची वाढते, खांदे भरतात, शुक्रवारच्या सामन्याला कॉलेजांचे कोच गाडी करून येऊ लागतात. मग कोणीतरी त्याचं गुणपत्रक एलिजिबिलिटी सेंटरच्या यादीशी ताडून बघतो आणि कळतं की नववीचं गणित मोजलंच जात नाही. यात त्या मुलाचा दोष नेमका कोणता? शाळेने निवडलेला वर्ग, समुपदेशकाने भरलेलं वेळापत्रक, जिल्ह्याने न नेमलेला गणिताचा शिक्षक, या सगळ्यांची शिक्षा एका नावावर जमा होते. ज्याच्या पालकांना पत्रव्यवहार जमतो, शिकवणीचे पैसे परवडतात, त्याच्यावर ही वेळ क्वचित येते.

तरीही अटीच्या समर्थकांचं म्हणणं हलकं नाही. अट नव्हती किंवा नावापुरती होती तेव्हा काय चाललं होतं, हे विसरून बोलता येत नाही. मे १९८९ मध्ये वॉशिंग्टनच्या व्यावसायिक संघाचा बचावफळीतला खेळाडू डेक्स्टर मॅन्ली अमेरिकी सिनेटच्या उपसमितीसमोर बसला आणि रडत सांगू लागला की ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात वर्षानुवर्षं खेळूनही आपल्याला वाचता येत नव्हतं. सुपर बोल हा व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना जिंकलेला, देशभर ओळखला जाणारा माणूस. आणि जॉर्जिया विद्यापीठाचं प्रकरण तर त्याहून बोलकं. १९८१ च्या अखेरीस तिथले नऊ फुटबॉलपटू इंग्रजीच्या पायाभूत अभ्यासक्रमात पुरे पडले नव्हते. तरी त्यांना वरच्या वर्गात ढकललं गेलं, कारण १ जानेवारीला शुगर बोल हा कॉलेज फुटबॉलचा मानाचा सामना होता. जॅन केम्प या तिथल्या शिक्षिकेने आवाज उठवला, तिची नोकरी गेली, ती कोर्टात गेली. १९८६ मध्ये ज्यूरीने तिच्या बाजूने कौल दिला आणि पंचवीस लाख डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. ती पुढे कमी झाली, पण विद्यापीठाच्या अध्यक्षांना जावं लागलं. खटल्यात विद्यापीठाच्या वकिलाने केलेला बचाव मात्र अजून अंगावर येतो. त्याचा आशय असा की या मुलांना आम्ही विद्यार्थी बनवू शकणार नाही कदाचित, पण लिहा-वाचायला शिकवलं तर कचरा उचलण्याऐवजी ती पोस्टात तरी कामाला लागतील. भर कोर्टात, विद्यापीठाच्या वतीने, विद्यापीठाच्याच मुलांबद्दल!

मॅन्लीची साक्ष आणि केम्पचा खटला नंतरचे, पण अशाच प्रकारांवरच्या संतापातून १९८३ मध्ये एनसीएएचा ‘प्रपोझिशन ४८’ हा नियम मंजूर झाला आणि १९८६ पासून लागू झाला: अकरा कोअर विषयांत २.० जीपीए, आणि एसएटीत १६०० पैकी ७००. संताप रास्त होता. पण त्याचा रोख बघा. मॅन्लीला भरती करणारं विद्यापीठ मोकळं राहिलं, त्याला वर ढकलणारे वर्ग मोकळे राहिले, आणि पुढच्या पिढीतल्या मॅन्लीला दाराबाहेर उभं करण्याची व्यवस्था झाली. आणि मॅन्लीचं पुढे काय झालं? प्रौढ वयात वॉशिंग्टनच्या लॅब स्कूलमध्ये जाऊन तो वाचायला शिकला. म्हणजे त्याला शिकवणं शक्य होतं. मग ज्या विद्यापीठाने त्याच्याकडून प्रत्येक शनिवारी काम करून घेतलं, त्याला ते का जमलं नाही? की कोणी प्रयत्नच केला नाही?

१९८९ च्या जानेवारीत हा वाद टिपेला पोचला. एनसीएएच्या ‘प्रपोझिशन ४२’ या नव्या नियमाने अर्धवट पात्र ठरणाऱ्या मुलांची स्कॉलरशिपही काढून घ्यायचं ठरवलं. त्याच्या निषेधार्थ १४ जानेवारीला जॉर्जटाउनचे कृष्णवर्णीय बास्केटबॉल कोच जॉन थॉम्पसन बोस्टन कॉलेजविरुद्धचा सामना सुरू होताना मैदान सोडून निघून गेले. दुसऱ्या बाजूला उभे होते टेनिसपटू आर्थर ॲश, विम्बल्डन जिंकलेले, स्वतःही कृष्णवर्णीय, आणि कडक अटींचे खंदे समर्थक. आपल्या मुलांकडून कमी अपेक्षा ठेवणं हाच त्यांचा अपमान, अपेक्षा वाढवल्या की मुलं तिथवर पोचतात, हा त्यांचा मुद्दा. कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ हॅरी एडवर्ड्स यांनीही ‘प्रपोझिशन ४८’ची बाजू घेतली होती. ही गोऱ्यांची आणि काळ्यांची लढाई होती, असं आज सांगितलं जातं तेव्हा या दोघांना सोयीस्करपणे वगळलं जातं. मला विचाराल तर अपेक्षांबद्दल ॲश बरोबर होते. अट आल्यावर बऱ्याच हायस्कूलांनी आपल्या खेळाडूंना खरे विषय द्यायला सुरुवात केली, आणि त्यानंतरच्या तुकड्यांत कृष्णवर्णीय खेळाडूंचं पदवीचं प्रमाण वाढलंही. पण अपेक्षा पुरी झाली नाही तर भोगायचं कोणी, याबद्दल थॉम्पसन बरोबर होते. स्कॉलरशिप गेली की गरीब मुलाचं कॉलेजच गेलं. कॉलेजला मात्र पुढचा खेळाडू यादीत तयारच असतो.

परीक्षेच्या गुणांना चिकटून बसणाऱ्यांसाठी फिलाडेल्फियाचा ‘क्युरटन’ खटला पुरेसा आहे. आपल्या वर्गात वरच्या क्रमांकावर असलेली कृष्णवर्णीय मुलं केवळ एसएटीच्या, तोवर ८२० झालेल्या, किमान रेषेखाली आली म्हणून अपात्र ठरली होती. मार्च १९९९ मध्ये संघीय न्यायाधीशांनी निकाल दिला की ही रेषा कृष्णवर्णीय मुलांवर अन्याय करते आणि नेमकी तिथेच का ओढली, याचं धड समर्थन एनसीएए देऊ शकलेली नाही. त्याच वर्षाच्या शेवटी अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला, पण तोही एनसीएएला सरकारी अनुदान थेट मिळत नाही या मुद्द्यावर. रेषा न्याय्य आहे असं त्यांनी म्हटलं नाही. परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेनेच १९८३ मध्ये अशी एका आकड्याची रेषा ओढायला विरोध केला होता. महाराष्ट्रात राखीव जागांवर बोलताना ‘मेरिट’चा जो सूर लागतो तो आठवून पाहा. आकडा जणू मुलाच्या आतून उगवून आला आहे, शाळा, घर, शिकवणी यांचा त्याच्याशी काही संबंध नाही, अशा थाटात बोलणं तिथेही आहे आणि इथेही.

मात्र परीक्षा गेली म्हणून सगळं सुरळीत झालं असंही कोणी समजू नये. फक्त शाळेचे गुण राहिले की गुण विकणारे उभे राहतात. मायामीतल्या युनिव्हर्सिटी हायस्कूल नावाच्या पत्रद्वारे चालणाऱ्या ‘शाळे’चं बिंग २००५ मध्ये फुटलं. ३९९ डॉलर भरायचे, पुस्तिका सोडवायच्या आणि काही आठवड्यांत फुटबॉलपटूचा जीपीए वर. तेव्हा कोणाकडे निदान परीक्षेचा एक आकडा तरी ताडून बघायला होता. आज तोही नाही. परीक्षा हवी म्हणणाऱ्यांचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि परीक्षा काढल्याचा जल्लोष करणाऱ्यांकडे त्यावर उत्तर नाही. माझ्या मते उत्तर आहे: मुलाला काय येतं हे कळायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे त्याला एक वर्ष वर्गात बसवून शिकवणं. ते वर्ष विद्यापीठाने द्यावं.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. ‘ते व्यावसायिक आहेत, अभ्यासाचं नाटक बंद करा.’ या म्हणण्यातही एक धारदार सत्य आहे. बेसबॉल खेळणारा मुलगा हायस्कूल संपताच मायनर लीगमध्ये, म्हणजे कनिष्ठ व्यावसायिक लीगमध्ये, जाऊ शकतो. फुटबॉलला तशी वाटच नाही. हायस्कूल संपून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलची लीग, मुलाला घेत नाही. ओहायो स्टेटच्या मॉरिस क्लॅरेटने या नियमाला आव्हान दिलं आणि २००४ मध्ये अपील न्यायालयात तो हरला. म्हणजे ती तीन वर्षं कॉलेजाखेरीज जायचं कुठे? त्यामुळे बीजगणिताची अट ही प्रत्यक्षात नोकरीची अट होऊन बसते, आणि ब्लॉकिंग-टॅकलिंगशी बीजगणिताचा संबंध नाही हे उघड आहे. मान्य. एनएफएलने स्वतःच्या खर्चाने कनिष्ठ लीग काढावी, ज्याला शिकायचं नाही त्याने तिथे जावं. याला माझा काडीचा विरोध नाही. ती निघेपर्यंत काय?

तोपर्यंत आकडे बघा. वरच्या श्रेणीतली सुमारे १३५ विद्यापीठं, प्रत्येक संघात आता १०५ पर्यंत खेळाडू. म्हणजे चौदा हजारांच्या आसपास मुलं. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, वर्षाला जागा अडीचशेच्या थोड्या वर. एनसीएएचाच अंदाज सांगतो की कॉलेज फुटबॉलपटूंपैकी दोन टक्केसुद्धा व्यावसायिक होत नाहीत. क्वार्टरबॅकला, म्हणजे संघाचा खेळ चालवणाऱ्या मुख्य खेळाडूला, मिळणारी लाखोंची रक्कम बातमीत येते. चौथ्या फळीतल्या लाइनमनला काय मिळतं, आणि बाविसाव्या वर्षी गुडघा गेला की त्याच्या हातात काय उरतं, याची बातमी होत नाही. ‘अभ्यासाचं नाटक बंद करा’ हे वाक्य त्या क्वार्टरबॅकसाठी ठीक आहे. उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांकडून मात्र ते त्यांच्या मोबदल्यातली एकमेव टिकाऊ गोष्ट काढून घेतं.

आणि ती गोष्ट देण्याची जबाबदारी विद्यापीठावर कायद्याने जवळजवळ नाहीच. क्रेटन विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू केव्हिन रॉस चार वर्षं तिथे खेळला आणि बाहेर पडला तेव्हा त्याला जेमतेम शाळकरी मुलाइतकं वाचता येत होतं. त्याने दावा केला. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने करारभंगाची अगदी चिंचोळी फट उघडी ठेवली, पण ‘नीट शिकवलं नाही’ याबद्दल विद्यापीठाला दोषी धरायला नकार दिला. मुलाने अट मोडली तर त्याचं करिअर संपतं. विद्यापीठाने शिकवलं नाही तर काहीच होत नाही. हा तराजू कोणाला समतोल वाटतो?

यावर एनसीएएचं तयार उत्तर असतं: २००४ च्या सुमारास आम्ही एपीआर हा संघाची शैक्षणिक प्रगती मोजणारा निर्देशांक आणला, विद्यापीठांनाही मोजतो. ९३० च्या खाली गेलेल्या संघाला हंगामानंतरच्या स्पर्धेत खेळता येत नाही. २०१३ मध्ये कनेक्टिकटच्या नामांकित पुरुष बास्केटबॉल संघावर ती वेळ आलीच. खरं आहे. पण एपीआर मोजतो काय? खेळाडू कॉलेजात टिकला का आणि पुढच्या सत्रात खेळायला पात्र राहिला का. तो काय शिकला हे त्यात कुठेच नाही. मग विद्यापीठं नेमकं तेवढंच पुरवतात. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९९३ पासून २०११ पर्यंत असे वर्ग चालले की जे भरतच नव्हते. एक निबंध द्यायचा, तो धड न वाचता चांगला गुण मिळायचा. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी ते घेतले, त्यांतले जवळपास निम्मे खेळाडू. आणि २०१७ मध्ये एनसीएएने हात वर केले: ते वर्ग इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते, सबब आमच्या नियमांत बसत नाही. अठरा वर्षं!

म्हणूनच कोणी म्हणेल की विद्यापीठावर भार टाकला तर असे घोटाळे वाढतीलच. ही शंका मला सगळ्यात जास्त छळते. पण जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन्ही प्रकरणांत गुण खोटे का दिले गेले? पुढचा सामना तोंडावर होता म्हणून. शनिवारी खेळायचं असेल तर शुक्रवारपर्यंत कागद हवा. कच्च्या मुलाचं पहिलं वर्ष सामन्यांविना असेल तर त्या वर्षात खोटा गुण कोणाच्याच उपयोगाचा नाही, कोचलाही नाही. यात नवीन काय आहे? १९७२ पर्यंत कॉलेज फुटबॉलमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळताच येत नव्हतं. ती पद्धत मोडली ती मुलांच्या भल्यासाठी नाही, प्रामुख्याने खर्च वाचवण्यासाठी. आजच्या नियमातही ‘अकॅडमिक रेडशर्ट’ नावाची एक अरुंद पट्टी आहेच: सोळा विषय पुरे पण जीपीए २.० ते २.३ च्या मधला, अशा मुलाला स्कॉलरशिप मिळते, पहिल्या सत्रात सरावही करता येतो, सामने मात्र नाहीत. ही पट्टी रुंद करा. गोठलेल्या दहा विषयांनी अडवलेला मुलगाही तिच्यात येऊ द्या.

चुकीची शिक्षा तात्काळ आणि भरून काढता येईल अशी असावी, हे टेक्सासने केव्हाच ओळखलं होतं. १९८४ मध्ये उद्योगपती रॉस पेरो यांच्या समितीच्या शिफारशींवरून तिथल्या शाळांत ‘नो पास, नो प्ले’ आलं. एका विषयात शंभरपैकी सत्तरच्या खाली गेलात तर सहा आठवडे खेळ बंद. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या टेक्सासात कोच आणि पालक खवळले. गव्हर्नर मार्क व्हाइट १९८६ ची निवडणूक हरले त्यात या रागाचा वाटा होता. पुढे १९९५ मध्ये सहाचे तीन आठवडे झाले, पण कायदा टिकला. ऑक्टोबरात घसरलेला मुलगा नोव्हेंबरात परत मैदानात येऊ शकतो, आणि मधल्या काळात त्याच्या गृहपाठाकडे अख्ख्या गावाचं लक्ष असतं. एनसीएएच्या कुलपाला अशी किल्लीच नाही.

आपल्याकडे उलटं चालतं. दहावी-बारावीच्या निकालात खेळाडूंना क्रीडा गुण वाढवून मिळतात. वर्षभर शिबिरं आणि स्पर्धांमुळे वर्ग बुडतात आणि शेवटी गुणांची भर घालून हिशेब मिटवला जातो; बुडालेला धडा मात्र कोणी पुन्हा शिकवत नाही. अमेरिकेत गुण कमी म्हणून बाहेर, इथे गुण वाढवून आत. शिकवायची जबाबदारी दोन्हीकडे कोणाचीच नाही.

आता विद्यापीठाच्या संघाला भुर्दंड कसा पडेल ते सांगतो. २०२५ पासून ही तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांच्या फुटबॉल संघाला १०५ खेळाडूंची मर्यादा आहे. अट न पाळता घेतलेला मुलगा त्यातली एक जागा पाच वर्षं किंवा पदवी मिळेपर्यंत, जे आधी होईल तोवर, अडवून ठेवेल. तो खेळो, जखमी होवो, कोचच्या नजरेतून उतरो. त्याला मधेच काढून टाकलं तरी जागा मोकळी होणार नाही. त्याने खेळाडूंच्या बदल्यांच्या पोर्टलमधून दुसरं विद्यापीठ गाठलं तर जागेचं ओझं त्याच्याबरोबर तिकडे जाईल. एनएफएलने त्याला तिसऱ्या वर्षानंतर उचललं तरी उरलेली वर्षं जागा रिकामी, आणि त्याची स्कॉलरशिप परत येऊन शिकण्यासाठी खुली. कोचला कशाची भीती वाटते हे ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल की दंडापेक्षा अडकलेली जागा जास्त झोंबते. मग कच्च्या मुलाला घेताना कोच आधी विचारेल की याला शिकवायला आपल्याकडे माणसं आहेत का. आज तो फक्त चाळीस यार्ड धावायला लागणारी वेळ विचारतो.

काही विद्यापीठं म्हणतील, मग आम्ही अशी मुलं घेणारच नाही. घेऊ नका. ज्यांच्याकडे शिकवायची ताकद नाही त्यांनी ती घेऊ नयेच. जी घेतील ती पूर्वी कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी निघालेली ऐतिहासिक विद्यापीठं असतील, राज्यांची मोठी विद्यापीठं असतील. १९८३ मध्ये ‘प्रपोझिशन ४८’ला सर्वांत कडवा विरोध या ऐतिहासिक विद्यापीठांच्या अध्यक्षांनीच केला होता, कारण कच्च्या मुलांना घडवणं हे त्यांचं रोजचं काम होतं. साउथईस्टर्न आणि बिग टेन या दोन बड्या कॉन्फरन्स, म्हणजे विद्यापीठांचे क्रीडागट, आज नियमांवर स्वतःची छाप पाडायला बसल्या आहेत. त्यांच्या वाटाघाटींच्या टेबलावर टीव्हीचे हक्क, प्लेऑफमधल्या जागा, खेळाडूंच्या बदल्या सगळं आहे. पहिल्या वर्षाच्या मुलाला वाचायला कोण शिकवणार, हा मुद्दाही तिथे मांडला गेला पाहिजे, आणि तो मांडायची पहिली जबाबदारी त्या विद्यापीठांच्या प्राध्यापकांची आहे. जॅन केम्पला जॉर्जियात एकटीने उभं राहावं लागलं होतं.